मशेरी सोडवणार कोण?

व्यसनाधीन स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलावे, आणि त्यासाठी गावोगावच्या तरुण स्त्रियांना प्रशिक्षण द्यावे, ही कल्पना स्वागतार्ह आहे. परंतु 'धूम्रपान' एवढाच शब्द घेऊन ती महाराष्ट्रात उतरली, तर पहिल्याच उंबरठ्यावर अडखळेल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढ स्त्रियांपैकी धूम्रपान करणाऱ्या शेकडा २ आढळल्या. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या मात्र शेकडा १२.८. महाराष्ट्रात कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा १७ होते, म्हणजे सहा जणींत एक. यांतील फार मोठ्या संख्येच्या हातात सिगारेट नाही, बिडी नाही. मशेरीची डबी आहे.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना व हिरड्यांना लावायची, ही रीत खेड्यांत आणि शहरांतील झोपडवस्त्यांत इतकी रुळलेली आहे की तिला व्यसन असे कोणी म्हणतच नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीची दाढ दुखू लागते, आई किंवा आजी चिमूटभर मशेरी लावून देते, दुखणे तेवढ्यापुरते बधिर होते, आणि पुढची चाळीस वर्षे ती डबी कनवटीला राहते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली कायद्याने बंदी झाली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदीही आली. तथापि घरच्या तव्यावर कोणताही कायदा पोहोचत नाही.

मशेरी निरुपद्रवी नाही, हे आता नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९७२ सालीच प्रसिद्ध झाले होते. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची अर्भके सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आढळली. ज्या समाजात अर्धपोटी आईच्या पोटी अडीच किलोचे मूल कष्टाने भरते, तेथे हे १०५ ग्रॅम म्हणजे केवळ आकडेवारीतला फरक नव्हे.

मग या स्त्रिया मशेरी सोडत का नाहीत? अज्ञान, असे उत्तर सुशिक्षितांच्या जिभेवर तयार असते. पहाटे उठून पाणी, सरपण, भाकरी आटोपून ऊसतोडीला किंवा बाजाराला निघणाऱ्या बाईला दुपारपर्यंत भूक मारायची असते. ती मशेरीने मरते. तंबाखूची ही उपयुक्तता तिने कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. अनुभवाने जाणली आहे. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रारही सार्वत्रिक आहे. ज्या बाईला परसाकडे जाण्यासाठी अंधाराची वाट पाहावी लागते आणि त्यासाठी जी दिवसभर पाणी पिण्याचे टाळते, तिच्या पोटाचे दुखणे केवळ उपदेशाने सुटणार नाही.

प्रशिक्षणाचा आशय येथून सुरू झाला पाहिजे. 'तंबाखू खाता का?' असे विचारले की मशेरीवाली बाई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते, कारण ती खात नाही, लावते. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आरोग्य खात्याचा जो तक्ता घरोघर भरला जातो, त्यात गुटखा व खैनी यांचा नामनिर्देश आहे. ज्या राज्यात मशेरी चालते तेथे मशेरीचे नाव घेऊनच प्रश्न विचारला पाहिजे. दिवसातून किती वेळा लावता, डबी किती दिवस पुरते, पहिली वेळ उठल्याबरोबर की चहानंतर, हे विचारणाऱ्या मुलीला बाई उत्तर देते. आणि उत्तर मिळाले की मार्गही दिसतो: दुपारची वेळ आधी गाळावी, पहाटेची सर्वांत शेवटी, गर्भवतीला मात्र सवलत न देता पूर्ण सोडण्यासच साहाय्य करावे. पहिल्या आठवड्यात डोके दुखेल, चिडचिड होईल, शौचास होणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे. नाही तर दोन दिवसांनी सासूबाई म्हणतील, 'पोरीनं आजारी पाडलं.'

आठ वेळांच्या तीन वेळा झाल्या तर ते यश की अपयश? डॉक्टरांचे मत कडक असते, आणि ते चुकीचेही नाही. थोडी तंबाखू सुरक्षित असते असा समज कोणी करून घेऊ नये. पण १९७० च्या दशकाच्या अखेरीस केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर व आंध्रातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांत ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांवर जो दीर्घ प्रयोग सुरू झाला, त्याचा अनुभव येथे मोलाचा आहे. श्रीकाकुलमच्या किनाऱ्यावर स्त्रिया चुट्टा ओढतात, आणि तोही पेटते टोक तोंडात धरून. याहून घट्ट बसलेली सवय कल्पिणे कठीण. तरीही व्यक्तिशः समजावून सांगितल्याने सोडणाऱ्यांचे व कमी करणाऱ्यांचे प्रमाण वाढले, आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्ट्यांत घट दिसून आली. तेव्हा कमी करणे हा मुक्काम नसला तरी वाटेवरचा टप्पा आहे, आणि वहीत त्याची नोंद झाली पाहिजे.

हे काम करणार कोण? सर्वांची बोटे आशा स्वयंसेविकेकडे वळतात. २००५ पासून प्रत्येक नव्या योजनेचे ओझे तिच्याच पिशवीत पडत आले आहे. ती बहुधा त्या गावची सून असते. सुनेने सासूच्या वयाच्या बाईला डबी बाजूला ठेवायला सांगणे किती अवघड आहे, हे प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांना उमगलेले दिसत नाही. एका दिवसाच्या व्याख्यानाने आणि रंगीत तक्त्याने ते साधणार नाही; दोघी-तिघींनी एकमेकींसमोर संभाषणाचा सराव करणे, महिन्याने परत भेटून कोठे अडले ते सांगणे, याला वेळ दिला पाहिजे. आणि वेळेला दाम असतो. तक्ता भरल्याचा मोबदला मोजता येतो. एकाच बाईच्या ओसरीवर चार वेळा जाऊन घालवलेला तास कोणत्या रकान्यात मांडायचा? २०२३ साली महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, त्यांना कामाचा कंटाळा आला होता म्हणून नव्हे. शासन त्यांना 'स्वयंसेविका' म्हणते, कारण कामगार म्हटले की वेतन द्यावे लागते. स्त्रीची माया हा फुकटचा कच्चा माल आहे असे गृहीत धरूनच हे अर्थकारण चालते.

दुसरी बाजू अधिक अडचणीची आहे, आणि ती आपल्याच घरातली आहे. सोलापूर, सिन्नर, निपाणी येथील हजारो स्त्रियांचे पोट तंबाखूवर चालते. हजार बिड्यांमागे मजुरी घेणारी बाई घरातच बिडी वळते. तंबाखूची धूळ तिच्या श्वासात आणि शेजारी निजलेल्या मुलाच्या श्वासात जाते. बिडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याणनिधी उभा राहिला, त्यातून दवाखाने चालले. त्याला पैसा पुरवणारा उपकर २०१७ मध्ये संपुष्टात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने बिडीवरील कर शेकडा २८ वरून १८ वर आणण्याचे ठरवले. कर उतरवताना वळणारणीच्या रोजगाराचा कळवळा पुढे केला जातो. पण करातील सवलत तिच्या हजारी मजुरीपर्यंत पोहोचेल याची हमी कोणीच देत नाही. कामगार संघटनाही या विषयावर गप्प बसणे पसंत करतात, कारण तंबाखूविरुद्ध बोलणे म्हणजे सभासदाच्या पोटावर पाय देणे, असे त्यांना वाटते. ही भीती निराधार नाही. परंतु पर्यायी रोजगाराची मागणी आणि सभासद स्त्रीच्या तोंडातील पांढऱ्या चट्ट्याची तपासणी, या दोन गोष्टी एकाच मागणीपत्रात बसू शकतात.

आपल्या शिबिरांतही स्त्री-आरोग्यावरील ठराव हात वर करून संमत होतात आणि मध्यंतरात तेच हात तळव्यावर चुना मळू लागतात. मशेरी सोडायला सांगणाऱ्या मुलीला गावातील पहिला टोमणा याच मंडळींकडून येणार आहे. तेव्हा तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आरंभ स्वतःच्या खिशातील पुडीपासून केलेला बरा. त्यानंतर आशांच्या मागणीपत्रात समुपदेशनाच्या भेटींचा स्वतंत्र मोबदला, ऊसतोडीच्या अड्ड्यांवर सकाळचे खाणे आणि स्त्रियांसाठी शौचालये, आणि बिडी वस्त्यांतील दवाखान्यांत मुखतपासणी, ही तीन कलमे घालून ती जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत रेटावीत.