दिवसाच्या मजुरीतील पावित्र्य
आयुष्याला अर्थ काय, हा प्रश्न मनुष्य बहुधा आकाशाकडे पाहून विचारतो. परंतु जुन्या करारातील लेवीय ग्रंथाचा 19 वा अध्याय, इस्राएल लोकांना ईश्वरासारखे पवित्र होण्याच्या आज्ञेने आरंभ करून, ज्या विषयांकडे वळतो ते पाहिले म्हणजे त्या प्रश्नाची दिशाच बदलते. शेताच्या कडेचे पीक न कापता गरीब व परदेशीय यांच्यासाठी राखावे, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, तराजू आणि मापे खरी असावीत, अशा, एखाद्या दक्ष कारकुनाने दप्तरात नोंदवाव्यात इतक्या बारीक तपशिलाच्या आज्ञांमध्येच शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची ती आज्ञा येते, जिला पुढे येशूने ईश्वरप्रीतीच्या खालोखाल स्थान दिले. शेताच्या कडेचे पीक राखण्याच्या कायद्याचा अंमल कसा होई, हे रूथच्या पुस्तकात दिसते: मवाबातून आलेली विधवा रूथ बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सातूचा सरवा वेचीत असता, तो आपल्या गड्यांना पेंढ्यांतूनही काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम गाळण्याची ताकीद देतो, आणि हक्काहून मूठभर अधिक दिलेल्या त्या धान्यापासून सुरू झालेल्या संबंधातून जे घराणे उभे राहते, त्यातच तिचा पणतू दावीद राजा जन्मास येतो. बवाजाला ह्या भवितव्याची खबर नव्हती. त्याने केवळ आपल्या शेताचा कारभार उदारपणे केला. म्हणून जीवनाचा अर्थ शोधावयास निघालेल्याने, माझ्या मते, आपल्याकडे कोणाची मजुरी थकली आहे, याचा हिशेब आधी करावा.