नंबर सांगा, काकू!



मागच्या खेपेला पुण्यात असतानाची गोष्ट. आईला दोन चादरी घ्यायच्या होत्या, मी पिशवी धरायला सोबत. पैसे रोख दिले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, मोबाईल नंबर सांगा." मी विचारलं, "कशाला?" तर म्हणे, "सर, त्याशिवाय बिल निघत नाही, सिस्टिम पुढेच जात नाही." मागे रांग वाढत होती. आईनं नंबर सांगून टाकला आणि बाहेर आल्यावर मलाच म्हणाली, "अरे, एवढ्याशा गोष्टीवरून कशाला वाद घालतोस?"

पुढच्या महिना-दोन महिन्यांत तिच्या फोनवर मुळशीतले प्लॉट, गुडघ्यांसाठी तेल, ज्येष्ठांसाठी विमा आणि कुठल्याशा ज्योतिषाची 'खास भेट' असं सगळं येऊ लागलं. त्या दुकानानंच नंबर पुढे दिला असं मी सिद्ध करू शकत नाही. खरी गोम तिथंच आहे, कुणीच सिद्ध करू शकत नाही. कंटाळून आईनं अनोळखी नंबर उचलणंच बंद केलं. मग एका दुपारी तिची रक्ततपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेतून दोनदा फोन आला. पोटॅशियम धोक्याच्या पातळीइतकं खाली गेलं होतं. तिनं तो उचलला नाही. संध्याकाळी प्रयोगशाळेनं थेट डॉक्टरांना कळवलं म्हणून निभावलं.

मोबाईल मार्केटिंगवरच्या कुठल्याही सादरीकरणात हा खर्च दाखवलेला मी पाहिलेला नाही. 'एक मेसेज पाठवायला किती पैसे पडतात' ते असतं. 'किती जणांनी उघडला' तेही असतं. ज्यांचा फोनवरचा विश्वासच उडाला त्यांचा रकाना नसतो.

हे सगळं लिहायचं कारण पुण्यातलं दुकान नाही. कारण आपण आहोत. आपल्यापैकी अनेकांचे पुण्या-नाशकात जोडधंदे आहेत, भावाच्या किंवा मेहुण्याच्या धंद्याला आपण 'टेक्निकल सल्ला' देतो, काही जण स्वतः ॲप बनवतात. इथं ड्युसेलडॉर्फमध्ये एका मित्राकडे जेवताना असाच विषय निघाला. क्लिनिक, क्लासेस आणि छोट्या दुकानांसाठी ॲप काढायचं, ग्राहकाची सगळी कॉन्टॅक्ट लिस्ट घ्यायची आणि 'रेफरल' पाठवायचे. मी म्हटलं, "हे इथं चालेल का?" तो हसला. "इथं कशाला? इथलं व्हर्जन वेगळं, इंडियाचं वेगळं. अरे डॉक्टर, इतका विचार करत बसलास तर धंदा व्हायचा नाही."

त्या 'वेगळ्या व्हर्जन'शी माझं भांडण आहे.

आधी इथलं व्हर्जन काय आहे ते पाहू. अनुचित स्पर्धेविरुद्धच्या जर्मन कायद्याचं सातवं कलम सांगतं की ग्राहकानं आधी स्पष्ट संमती दिल्याशिवाय त्याला जाहिरातीचा फोन करायचा नाही. ई-मेल आणि एसएमएसलाही, जुन्या ग्राहकांबाबतचा एक मर्यादित अपवाद सोडला, तर हाच नियम. ऑक्टोबर २०२१ पासून फोनसाठी घेतलेली संमती नोंदवून पाच वर्षं जपून ठेवावी लागते, आणि विनासंमती फोन केल्यास तीन लाख युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी फोन करणाऱ्यावर आहे. माझ्या आईनं काय सिद्ध करायचं हा प्रश्नच इथं उद्भवत नाही.

आपल्या गावातलाच एक खटला सांगतो. पीक उंड क्लोपेनबुर्ग हे इथलं मोठं कपड्यांचं दुकान तुम्हाला माहीत आहेच. त्यांच्या ऑनलाईन दुकानानं, म्हणजे फॅशन आयडीनं, आपल्या पानावर फेसबुकचं 'लाईक' बटन बसवलं होतं. पान उघडणाऱ्याचा आयपी पत्ता आणि ब्राउझरची माहिती त्या बटनामुळे फेसबुककडे जात असे. बटन दाबलं नाही तरी जाई, फेसबुकवर खातं नसलं तरी जाई! नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियाच्या ग्राहक केंद्रानं दावा लावला. मार्च २०१६ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या जिल्हा न्यायालयानं ग्राहक केंद्राच्या बाजूनं निकाल दिला. अपिलात प्रकरण इथल्याच उच्च प्रादेशिक न्यायालयातून लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयाकडे गेलं. २९ जुलै २०१९ रोजी तिथून उत्तर आलं की माहिती गोळा करून पुढे पाठवण्यापुरती दुकानाचीही फेसबुकच्या बरोबरीनं जबाबदारी आहे. पुढे फेसबुक त्या माहितीचं काय करतं, त्याची जबाबदारी मात्र दुकानावर नाही.

प्रत्येक छोट्या धंदेवाल्यानं हा निकाल भिंतीवर लावावा असा आहे. "आम्ही काही केलं नाही, ॲप बनवणाऱ्या कंपनीनं तयार तुकडा दिला, आम्ही तो बसवला," ही सबब त्यानं काढून घेतली. फुकट मिळालेलं बटन फुकट नव्हतं. त्याची किंमत गिऱ्हाईक देत होतं, आणि दुकानदाराला त्याचा पत्ताही नव्हता, किंवा तो करून घ्यायचा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, जर्मन लोकांना या बाबतीत जरा वेडच आहे. असेल. पण ते आलं कुठून? १७ मे १९३९ च्या जनगणनेत या देशात प्रत्येकाच्या आजी-आजोबांपैकी कोण ज्यू याची नोंद केली गेली. पुढे काय झालं ते सांगायला नको. १९८३ साली पश्चिम जर्मनीत नवी जनगणना ठरली तेव्हा लोक रस्त्यावर आले, आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी घटना न्यायालयानं निकाल दिला की आपल्याविषयीची माहिती कुणाला, कशासाठी द्यायची हे ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे. ती जनगणना शेवटी १९८७ मध्ये, दुरुस्त्या करून झाली. याद्या निरुपद्रवी नसतात हे या समाजानं फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे.

आणि आपण? आपल्याकडे तर नाव आणि नंबर एकत्र आले की निम्मं काम झालं. आडनावावरून जात, पहिल्या नावावरून धर्म, पत्त्यावरून ऐपत. कुठल्याही अल्गोरिदमची गरज नाही, गल्लीतल्या पोरालाही कळतं. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची घरं शोधताना मतदार याद्या वापरल्या गेल्या. जातीविषयी, धर्माविषयी विवेकी भूमिका घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे तरी उमजायला हवं की घर भाड्यानं द्यायचं ॲप, वधूवर ॲप, क्लासचं ॲप यांच्या मागे जी यादी तयार होते ती फक्त 'कस्टमर डेटाबेस' नसते.

भारतात कायदा नाही असंही नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते न्या. बी. एन. श्रीकृष्ण, मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारे तेच. मसुदा जुलै २०१८ मध्ये आला, कायदा व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तिथून पुढे अठरा महिन्यांची मुदत. (सरकारनं स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची सोय ठेवली आणि जाताजाता माहिती अधिकारालाही कात्री लावली. तो वेगळ्या लेखाचा विषय.) ग्राहक व्यवहार मंत्रालयानंही मे २०२३ मध्ये दुकानांना बजावलं होतं की बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका. आमच्या चादरीच्या दुकानापर्यंत ते पोचलेलं दिसलं नाही. जाहिरातीच्या फोनसाठी १४० नं सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत, पण साध्या दहा आकडी नंबरांवरून येणारे फोन तुम्हीही सुट्टीत घेतलेच असतील.

कॉन्टॅक्ट लिस्ट मागणाऱ्या माझ्या मित्राला मी कर्जाच्या ॲप्सची आठवण दिली. २०२० च्या टाळेबंदीत हजारो लोकांनी मोबाईलवरून पाच-दहा हजारांची कर्जं घेतली. हप्ता चुकला की वसुलीवाले त्या माणसाच्या फोनमधल्या सगळ्यांना, म्हणजे सासऱ्यांना, साहेबांना, मुलीच्या बाईंना फोन करत. त्यातून आत्महत्या झाल्या. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या ॲप्सना कॉन्टॅक्ट लिस्ट, फाईली, कॉलची नोंद यांना हात लावायची मनाई केली. मित्र म्हणाला, "आपण थोडेच वसुली करणार आहोत?" नाही करणार. पण उद्या ॲप विकलं, तर घेणारा काय करेल? आणि त्या यादीतल्या सासऱ्यांना आणि बाईंना कुणी विचारलं होतं?

मी पेशानं संशोधक. आमच्याकडे रुग्णाचं दहा मिलिलिटर रक्त घ्यायचं तर समितीची मंजुरी लागते, कशासाठी घेतो ते साध्या भाषेत लिहून द्यावं लागतं, आणि 'केव्हाही नाही म्हणू शकता' हे त्यावर छापलेलं असतं. मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिलेलं रक्त मनात आलं म्हणून दुसऱ्याच कामाला वापरता येत नाही. संमतीचा हा आग्रह १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेपासूनचा, या देशातल्या डॉक्टरांनी केलेल्या गुन्ह्यांनंतरचा. मी सकाळी या नियमांत काम करतो आणि संध्याकाळी मित्राला 'इंडियासाठी चालेल' म्हणून सही द्यायची? भारतातल्या माणसाची संमती हलक्या दर्जाची असते का?

मोबाईलचा धंद्याला उपयोग नाही असं म्हणणारा मी नव्हे. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन घरबसल्या दिवाळीचा फराळ विकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना जाहिरातीचं बजेट कुठून असणार? भाजीवाल्याकडच्या क्यूआर कोडमुळे सुट्या पैशांची कटकट गेली. (फक्त यूपीआय आयडीत अनेकदा मोबाईल नंबरच असतो, हे नीट पाहा, बदलता येतो.) डॉक्टरांची वेळ आठवण करून देणारा मेसेज, 'तुमचा चष्मा तयार आहे' हा मेसेज, यांनी कुणाचं वाईट झालेलं नाही. हे मेसेज आपण मागितलेले असतात आणि काम झालं की थांबतात. ॲपला परवानगी मागायची तर ज्या कामाला लागते तेवढीच मागावी, नंबर न देताही बिल निघावं, आणि 'नको' म्हणायचं बटन 'हो'च्या बटनाएवढंच मोठं असावं. या तीन गोष्टी करायला कुठल्याही प्रोग्रामरला आठवडाभराहून जास्त लागत असेल तर त्यानं मला येऊन भेटावं!

जर्मनीही काही स्वर्ग नाही. सुपरमार्केटमध्ये ॲप असेल तरच सवलत हा प्रकार इथंही बोकाळला आहे, आणि स्मार्टफोन न वापरणारी शेजारची आजी त्याच लोण्याला जास्त पैसे मोजते. जर्मन रेल्वेनं स्वस्त तिकिटासाठी ई-मेल किंवा मोबाईल नंबर सक्तीचा केला होता. जुलै २०२५ मध्ये फ्रँकफर्टच्या उच्च प्रादेशिक न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. फरक एवढाच की इथं कुणीतरी कोर्टात गेलं. माझी आई कोर्टात जाणार नाही, ती फोन उचलणं बंद करते.

आणि आपली मंडळं? इथल्याच एका गणेशोत्सवाच्या नोंदणीत मी नंबर दिला होता, प्रसादाची संख्या कळावी म्हणून. तीन आठवड्यांत 'अनिवासी भारतीयांसाठी खास गृहप्रदर्शना'चा मेसेज आला, माझ्या नावानिशी. विचारल्यावर उत्तर मिळालं, "अरे, ते आपले स्पॉन्सर आहेत, आपलीच माणसं." ज्या शहरात एका लाईक बटनावरून खटला लक्झेंबर्गपर्यंत गेला, त्याच शहरात!

यंदाच्या नोंदणीचा फॉर्म परवा आला. मोबाईल नंबरच्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती काढावी आणि गेल्या वर्षीची यादी कुणाकुणाला दिली ते सभासदांना कळवावं, असं मी समितीला लेखी कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्या गावच्या मंडळाचा फॉर्मही एकदा उघडून पाहा.