इंधनाचा दर आणि जमिनीखालची वाहिनी

पेट्रोलच्या दराचा विषय निघाला की आपल्या समाजातील अत्यंत मितभाषी गृहस्थालाही कंठ फुटतो. काचीगुड्यातील बैठक असो, सुलतान बाजारातील दुकानाची पायरी असो, वा विवेकवर्धिनीतील एखाद्या कार्यक्रमानंतरचा चहा असो, गाडी शेवटी तिथेच येऊन थांबते. या संतापात गैर काही नाही. हैदराबादेत २०२१ च्या जूनमध्ये पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये देशभर दोन रुपयांची कपात झाली तेव्हाही आमच्या शहरातला दर १०७ रुपये ४१ पैशांवर येऊन थांबला. आमची तक्रार निराळी आहे. हा संताप पंपावरच्या आकड्यापाशी सुरू होतो आणि तिथेच विझतो. ते तेल कोणत्या वाटेने आले, ती वाट कोण राखतो, आणि आपण मोजलेल्या पैशांतले किती त्या वाटेच्या देखभालीवर पडतात, हे कोणीच विचारीत नाही.

आधी पैशाचे पाहू. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला. २०१७ च्या जूनपासून तो रोज बदलू लागला. बाजार चढला तर दर चढेल, बाजार उतरला तर दर उतरेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. २०२० च्या वसंतात कच्च्या तेलाचा बाजार कोसळला, आणि मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० व डिझेलवर १३ रुपये उत्पादन शुल्क वाढवून तो उतार स्वतःच्या तिजोरीत वळवून घेतला. राज्याचे हातही स्वच्छ नाहीत. तेलंगणाने २०१५ च्या फेब्रुवारीत पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर ३१ वरून ३५.२ टक्क्यांवर आणि डिझेलवरील २२.२५ वरून २७ टक्क्यांवर नेला. २०२१ च्या नोव्हेंबरात केंद्राने शुल्क कमी केले तेव्हा अनेक राज्यांनी आपला कर उतरविला. आमचे राज्य जागचे हलले नाही. ज्याच्या दारी वाहन नाही तोही यातून सुटत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये घाऊक डिझेल किरकोळीपेक्षा इतके महागले की राज्य परिवहन महामंडळाला आपल्या बसगाड्या रस्त्यावरच्या पंपांवर भरून घ्याव्या लागल्या, आणि पुढच्याच महिन्यात तिकिटावर डिझेलचा अधिभार आला.

कर घेणे हे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. आमचे निवृत्तिवेतनही त्याच तिजोरीतून येते. परंतु इंधनावर ज्यांनी एवढा भार टाकला, त्यांनी इंधनाच्या वाटेचा हिशेब देण्यास बांधील असावे, एवढे तरी मागता येईल की नाही?

ही वाट बहुतेकांना ठाऊकच नसते. विशाखापट्टणमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून विजयवाडामार्गे सिकंदराबादेपर्यंत एक वाहिनी येते आणि घटकेसरच्या साठवण केंद्रात तेल उतरविते. दुसरी ओडिशातील पारादीपहून हैदराबादेस येते. तिची लांबी १,२१२ किलोमीटर. त्यांपैकी ३२९ ओडिशात, ७२३ आंध्र प्रदेशात आणि १६० तेलंगणात. ५ मार्च २०२४ रोजी संगारेड्डी येथे पंतप्रधानांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. टँकरांच्या रांगांपेक्षा वाहिनी स्वस्त आणि सुरक्षित, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मात्र जमिनीत पुरलेले पोलाद पुरल्या दिवसापासून गंजू पाहते. त्यावर लेप द्यावा लागतो, विजेचा मंद प्रवाह सोडून गंज रोखावा लागतो, आणि आतून 'पिग' नावाचे यंत्र तेलाच्याच रेट्याने पुढे ढकलून गाळ खरवडावा लागतो व भिंतीची जाडी मोजावी लागते. हे काम कधी संपत नाही, आणि त्याचे छायाचित्रही वृत्तपत्रात येत नाही.

ते न केल्यास काय होते, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही. २७ जून २०१४ च्या पहाटे पूर्व गोदावरी जिल्ह्यातील नगरम् गावात गेलची वायुवाहिनी फुटली. घरे, नारळाची झाडे, माणसे, सारे होरपळले. वीसहून अधिक जीव गेले. कोरड्या वायूसाठी घातलेल्या त्या वाहिनीतून पाणी मिसळलेला ओला वायू वाहत होता. ते पाणी काढून टाकणारी यंत्रणा बसविण्यात आली नव्हती, आणि आतून गंजत गेलेले पोलाद अखेर फाटले. वायूचा वास येतो अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. नंतर मृतांच्या वारसांना गेलकडून २० लाख, राज्याकडून ३ लाख आणि केंद्राकडून २ लाख जाहीर झाले. म्हणजे पैसा होता. तो योग्य वेळी निघाला नाही.

यावर एक उत्तर हमखास येते: देखभाल हवी तर कंपन्यांना पुरेसा दर मिळू द्या. हे उत्तर वरवर शहाणपणाचे वाटते. अलास्कातील प्रुडो बेचे उदाहरण घ्या. तिथे तेलाचा दर बाजार ठरवीत होता आणि २००५ साली बीपी या कंपनीने विक्रमी नफा कमावला होता. तरीही २००६ च्या मार्चमध्ये तिची वाहिनी गंजून फुटली आणि दोन लाख गॅलनांहून अधिक तेल बर्फाळ जमिनीवर सांडले. ऑगस्टमध्ये दुसऱ्या वाहिनीतही तोच गंज सापडला. तपासात निघाले ते असे की एका वाहिनीत १९९८ नंतर आणि दुसरीत १९९२ नंतर पिग फिरविलाच गेला नव्हता. ऑगस्टमधील त्या बातमीसरशी जगाच्या बाजारात तेल भडकले. म्हणजे चढ्या दराने वाहिनी राखली गेली नाही. न राखलेल्या वाहिनीने मात्र दर चढविला, आणि तो आपल्यासारख्यांनी भरला.

असे का होते, याचे उत्तर आम्हांस सरकारी नोकरीने शिकविले. २०१६-१७ पर्यंत अंदाजपत्रकात 'योजना' आणि 'योजनेतर' असे दोन कप्पे असत. नवे धरण, नवा रस्ता, नवी इमारत पहिल्या कप्प्यात. त्यांची देखभाल दुसऱ्यात. वर्षाअखेरीस काटकसरीचे परिपत्रक निघाले की कात्री नेहमी दुसऱ्या कप्प्यावर चाले, कारण तिथे कोनशिला नसे. आता ते कप्पे गेले, पण मनातले गेले नाहीत. तेलकंपन्यांचे हिशेब निराळे असतात हे खरे, वृत्ती तीच. गंडीपेठचा तलाव १९२० साली पुरा झाला आणि त्याचे पाणी आसिफनगरपर्यंत केवळ उताराने आणणारा बंदिस्त कालवा बांधला गेला, त्याचा अभिमान आपण सारेच सांगतो. तो कालवा साफ ठेवणाऱ्यांची नावे मात्र आपल्यापैकी कोणास आठवतात?

आणखी एक अन्याय आहे. १९६२ च्या कायद्याने वाहिनीसाठी शेतकऱ्याची जमीन विकत घेतली जात नाही, केवळ वापराचा हक्क घेतला जातो. जमीन त्याच्याच नावावर राहते, पण त्या पट्ट्यावर त्याने घर बांधू नये, विहीर खणू नये, झाड लावू नये. आणि या हक्काचा मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के. ज्याच्या अंगणाखालून तेल वाहते त्याला ती वाहिनी शेवटची कधी तपासली गेली, हे सांगण्याची कोणास गरज वाटत नाही. आमच्या मते ती तारीख प्रत्येक मंडल कार्यालयाच्या फलकावर तेलुगूत लागली पाहिजे, आणि पंपावरील दराच्या पाटीखाली देखभालीवर किती पैसे पडतात तो आकडाही.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. घटकेसरपर्यंत येणाऱ्या वाहिनीची अंतर्गत तपासणी कोणत्या वर्षी झाली, भिंतीची जाडी कुठे कमी आढळली, दुरुस्ती कधी झाली आणि गेल्या पाच वर्षांत देखभालीची तरतूद किती व खर्च किती, असे चार प्रश्न आम्ही लिहून ठेवले आहेत. आपल्या मंडळात निवृत्त अभियंते आहेत, लेखाधिकारी आहेत, वकील आहेत. पुढच्या बैठकीपूर्वी त्यांनी हा मसुदा डोळ्यांखालून घालावा. पाचवा प्रश्न कोणता विचारावा, हे त्यांना आमच्याहून अधिक कळेल.