सात वाजता आली म्हणजे?

 १९०५ साली ३० जूनला ‘अनालेन डेर फिजिक’ या जर्मन नियतकालिकाच्या दप्तरी एक लेख दाखल झाला. लेखक बर्नच्या पेटंट कचेरीतला तिसऱ्या श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ, वय २६. लेखाला संदर्भसूची नाही. शेवटी मिशेल बेसो या मित्राचे आभार तेवढे आहेत. आइन्स्टाइनचा विशिष्ट सापेक्षता सिद्धांत जगापुढे आला तो असा.

सुरुवातीलाच आइन्स्टाइन जो प्रश्न घेतो तो पोरकट वाटावा असा आहे. गाडी सात वाजता आली, म्हणजे नेमके काय झाले? घड्याळाचा छोटा काटा सातावर येणे आणि गाडी येणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. घड्याळ फलाटावरच असेल तर प्रश्न मिटला. पण घटना लांबची असेल तर तिकडची वेळ इकडच्या घड्याळाशी जुळवायची कशी? प्रकाशाची ये-जा मोजून. आणि प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच, हे एकदा मान्य केले की फलाटावरच्या माणसाच्या मते रुळांवर दोन लांबच्या ठिकाणी एकदम घडलेल्या घटना धावत्या गाडीतल्या माणसाच्या मोजणीत मागेपुढे ठरतात. लांबीचा घोळ इथूनच सुरू होतो. धावत्या गाडीची लांबी मोजायची तर तिची दोन्ही टोके एकाच क्षणी कुठे होती ते टिपावे लागते. त्या क्षणावरच एकमत नाही, तर लांबीवर कुठून होणार?

आपल्या वर्गांत हा मुद्दा दोन ओळींत उरकतो आणि लांबी आकसण्याचे वर्गमुळाचे सूत्र फळ्यावर येते. मुले गणिते सोडवतात. गाडी खरेच दबते की काय, ही शंका तशीच राहते.

तिचे उत्तर आकाशातून पडते, तेही घड्याळाच्या वाटेने: या सिद्धांतानुसार धावते घड्याळ हळू चालते. वैश्विक किरणांतले अल्पायुषी कण वेगात असताना अधिक काळ टिकलेले दिसले तर तो सापेक्षतेचा थेट पुरावा ठरेल, असे होमी भाभांनी १९३८ मध्ये ‘नेचर’मधल्या छोट्या टिपणात सुचवले होते. रॉसी आणि हॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये कोलोरॅडोत तो मिळवला. सर्वांत सुबक मोजणी मात्र फ्रिश आणि स्मिथ यांची, १९६३ ची. न्यू हॅम्पशायरमधल्या सुमारे १,९०० मीटर उंच माउंट वॉशिंग्टनवर त्यांनी लोखंडाचा थर रचून प्रकाशाच्या ९९ टक्क्यांहून अधिक वेगाचे म्यूऑन, म्हणजे असेच अल्पायुषी कण, तेवढे निवडले. तासाला सरासरी ५६३ मिळाले. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद आणि खाली उतरायला लागतात ६.४. त्या हिशेबाने समुद्रसपाटीला जेमतेम तीसेक उरायला हवेत. मोजले, तर ४०८!

आपण म्हणतो, म्यूऑनचे घड्याळ हळू चालले, त्याच्यापुरता ०.७ मायक्रोसेकंदच गेला. म्यूऑनच्या बाजूने पाहा. त्याच्या घड्याळात काहीच बिघाड नाही, डोंगरच त्याच्याकडे धावत आला आणि तो उंचीला दोनशे-सव्वादोनशे मीटरच भरला. एवढेच काय, त्याच्या लेखी हळू चालतात ती आपली घड्याळे. तरी खाली पोचलेल्या कणांचा आकडा दोन्ही हिशेबांत तोच निघतो.

या प्रयोगाचा सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपटही विद्यार्थ्यांसाठी काढलेला आहे. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी तो वर्गात दाखवायला अभ्यासक्रम बदलावा लागत नाही.