रिकाम्या गाडीचे वजन

मालवाहतुकीच्या धंद्यात भाडे मिळते ते मालाच्या वजनावर; खर्च मात्र गाडीच्या स्वतःच्या वजनावरही होत असतो. चाकांची झीज, इंधन, सरकारी कर यांना गाडीत माल आहे की नाही याची पर्वा नसते. प्रत्येक वाहतूकदार हा हिशेब मनात करतो. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या सरकारने तो कायद्यातच लिहून ठेवला, आणि त्याचा धक्का ज्यांना बसला त्यांत एका नामांकित कारखानदाराचे घराणेही होते.

चेशर परगण्यातील सँडबॅच या लहानशा गावाजवळ एल्वर्थ येथे एडविन फोडन यांचा कारखाना होता. शेतीची यंत्रे आणि वाफेवर चालणारी अवजड ओढयंत्रे तयार करण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वाफेच्या मालगाड्यांत नाव कमावले. पुढे रेल्वे इंजिनासारखा आडवा बॉयलर, त्यावर धुराडे आणि मागे मालाचा हौदा, असे या गाडीचे रूप होते. १९११ मध्ये एडविन फोडन वारले तेव्हा ‘फोडन्स’ हे नाव इंग्लंडभरच्या दारू गाळणाऱ्या कंपन्या, पिठाच्या गिरण्या आणि कोळशाचे व्यापारी यांच्या परिचयाचे झाले होते. कारखान्याचा स्वतःचा वाद्यवृंदही होता. १९०० मध्ये निघालेला हा फोडन बँड पितळी वाद्यांसाठी आजही प्रसिद्ध आहे.

वाफेची लॉरी चालविणे हे दोन माणसांचे काम. एकाने सुकाणू सांभाळायचे, दुसऱ्याने भट्टी. पहाटे गाडी निघायची असेल तर त्याआधी तास-दीड तास उठून राख काढणे, विस्तव पेटविणे आणि दाब चढेपर्यंत वाट पाहणे भाग असे. वाटेत दर वीस-पंचवीस मैलांवर ओढ्यातून किंवा हौदातून पाणी भरून घ्यावे लागे. कोळसा, पाणी आणि बॉयलर यांचे ओझे मालाआधीच गाडीवर चढलेले असे. पण इंग्लंडमध्ये कोळसा स्वस्त होता, गाडीचे आयुष्य मोठे होते आणि गिऱ्हाईक समाधानी होते. असे असताना धंदा बदलण्याची भाषा करणारा माणूस घरात कोणाला आवडेल?

तो माणूस एडविन यांचा मुलगा होता. एडविन रिचर्ड फोडन यांचे लक्ष मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट येथील गार्डनर कारखान्याच्या नव्या डिझेल इंजिनाकडे लागले होते. १९३१ मध्ये फोडन्सनेही डिझेलची लॉरी काढली होती. पण यंत्रसामग्री, कारागिरांचे कौशल्य, सुट्या भागांचा साठा आणि मुख्यतः कारखान्याचा अभिमान वाफेत गुंतलेला होता. संचालक मंडळात मतभेद वाढले आणि एडविन रिचर्ड बाहेर पडले. थोरले बंधू विल्यम तेव्हा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले होते.

त्याच सुमारास कायदा बदलत होता. १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने रिकामी असताना अडीच टनांहून जड भरणाऱ्या लॉरीला ताशी २० मैलांची, म्हणजे ३२ किलोमीटरची, मर्यादा घातली; त्याहून हलक्या लॉरीला ३० मैल. म्हणजे गाडीचे वजन थोडे कमी केले की तिचा कायदेशीर वेग दीडपट. बेडफोर्डसारख्या कारखान्यांनी हा संकेत ओळखून शक्य तितक्या हलक्या गाड्या बांधल्या. १९३४ पासून जड गाड्यांवरचा करही रिकाम्या वजनाप्रमाणे चांगलाच वाढला. बॉयलर घेऊन फिरणाऱ्या गाडीचा निकाल त्या कराच्या तक्त्यानेच लावला. सरकार एवढ्यावर थांबले नाही. १९३५ मध्ये डिझेलवरील जकात गॅलनला १ पेनीवरून ८ पेन्स, पेट्रोलइतकीच, झाली. तरीही डिझेल टिकले, कारण गार्डनर इंजिन तेवढ्याच इंधनात पेट्रोलच्या इंजिनापेक्षा बरेच अधिक अंतर कापत असे. सवलतीच्या दरावर नव्हे तर मूळच्या काटकसरीवर उभा असलेला धंदा कसा तगतो याचे हे उदाहरण आहे.

एडविन रिचर्ड यांनी १९३३ मध्ये मुलगा डेनिस आणि फोडन्समधले जुने सहकारी अर्नेस्ट शेरॅट यांना सोबत घेऊन नवी गाडी उभी केली. स्वतःचा कारखाना नव्हता. सँडबॅचमध्येच गाड्यांचे सांगाडे बांधणाऱ्या जेनिंग्ज यांच्या आवारात काम सुरू झाले. इंजिन गार्डनरचे, गिअरबॉक्स हडर्सफील्डच्या डेव्हिड ब्राउनचा, आस लीड्सच्या कर्कस्टॉल फोर्जचे. आराखडा आणि जुळणी तेवढी घरची. ओतशाळा, लोहारशाळा, यंत्रशाळा यांत पैसा अडकवायचा नाही. ज्याचा जो हात बसलेला आहे त्याच्याकडून तो भाग विकत घ्यायचा आणि आपले नाव गाडीच्या भरवशावर राखायचे, ही त्यांची रीत. नाव ठेवले ते स्वतःची आद्याक्षरे घेऊन, ई.आर.एफ. पहिल्या गाडीच्या सांगाड्याला क्रमांक दिला ६३. एक हा आकडा गिऱ्हाइकाच्या मनात शंका आणतो म्हणून नवे कारखाने क्रमांक पुढूनच सुरू करतात. पण ६३ च का, तर मालकाचे वय ६३ होते. त्या वयात नवा उद्योग काढण्यासाठी कर्ज मागणाऱ्या अर्जदाराकडे कोणत्याही बँकेतला अधिकारी चष्मा पुसून दोनदा पाहील. येथे मात्र अर्जदाराच्या गाठीशी चाळीसहून अधिक वर्षांची माहिती होती, आणि ती तारणात मोजण्याची सोय बँकांच्या नमुन्यात नसते.

गावाच्या एका टोकाला फोडन्स, दुसरीकडे ई.आर.एफ.; आडनाव एकच. १९३५ मध्ये साठी ओलांडलेले विल्यम फोडन ऑस्ट्रेलियातून परत आले आणि त्यांनी वडिलांचा कारखाना सावरला. वाफ सोडून फोडन्सही डिझेलकडे वळले, आणि दोन्ही भावांच्या गाड्यांत इंजिन मात्र बहुधा एकाच दुकानचे, गार्डनरचे. गार्डनरचे सहा सिलिंडरचे ‘६ एलडब्ल्यू’ इंजिन १७०० फेऱ्यांना १०२ अश्वशक्ती देई. आजच्या ट्रकांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्या काळच्या चालकांच्या तोंडी या इंजिनाची स्तुती असे ती शक्तीसाठी नव्हे. ते बंद पडत नसे म्हणून.

चालकांचे काम कसे होते ते पाहिले म्हणजे या स्तुतीचा अर्थ कळतो. लाकडी चौकटीची केबिन, चालक आणि सोबती यांच्यामध्ये इंजिनाचे झाकण. उन्हाळ्यात त्याची धग आणि हिवाळ्यात फटींतून येणारा वारा. ऊब देणारे यंत्र नसल्याने पायांना गोणपाट गुंडाळून गाडी हाकणारे पुष्कळ होते. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकून नेमकी वेळ साधायची. चुकले तर दात्यांचा खडखडाट सगळ्या रस्त्याला ऐकू जाई. लंडन ते मँचेस्टर हे अंतर सुमारे १८५ मैल. ताशी २० मैलांनी नऊ तासांहून अधिक वेळ केवळ चाके फिरण्यात जाई, आणि कायद्याप्रमाणे चालकाला दिवसाला ११ तासांपेक्षा जास्त काम करता येत नसे. माल चढविणे-उतरविणे त्यातच धरायचे. साहजिकच वेगाची मर्यादा पाळण्यापेक्षा मोडली जास्त जाई. ती ३० मैलांवर आली १९५७ मध्ये. तोपर्यंत गाड्या आणि ब्रेक कितीतरी सुधारले होते.

उत्तरेकडे स्कॉटलंडला जाणाऱ्या रस्त्यावर शॅपचा चढ होता, माथ्यावर सुमारे १,४०० फूट. भरलेली लॉरी तेथे माणसाच्या चालीने चढे. बर्फ पडले की गाड्यांची रांग लागे आणि वाटेवरच्या ‘जंगल कॅफे’त चालकांची गर्दी होई. उतारावर इंधन वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी सोडून देणारेही होते. आपल्याकडच्या घाटांत हीच खोड किती जणांना भोवली आहे, ते वाहतुकीतल्या घराण्यांना वेगळे सांगायला नको.

चालकाची खरी पारख मात्र दोर आणि ताडपत्रीवर होत असे. लिव्हरपूलच्या गोदीतून लँकेशरच्या गिरण्यांकडे निघालेल्या कापसाच्या गाठी असोत की साखरेची पोती, हौद्याला बाजूच्या भिंती नसत. माल धरून ठेवायचा तो दोरांनी. दोराला फास पाडून त्यातून मोकळे टोक खाली ओढायचे, म्हणजे कप्पीसारखा जोर मिळतो; या गाठीला ते ‘डॉली’ म्हणत. ताडपत्री आधी मागची पसरायची, मग पुढची तिच्यावर चढवायची, म्हणजे वारा आणि पाऊस सांध्यातून आत शिरत नाही. पावसात भिजून जड झालेली ताडपत्री एकट्याने घडी घालण्याची कला नवशिक्याला कोणी तोंडी शिकवीत नसे. ती पाहून उचलायची. मालधन्याला चालकाचे नाव ठाऊक नसले तरी त्याने बांधलेला माल ओळखू येत असे.

जाताना भाडे मिळाले तरी परतीचे काय, हा प्रश्न तिथेही होता. गोदीजवळच्या शहरांत परतीचा माल मिळवून देणारे दलाल दलाली कापून भाडे देत, आणि रिकामे परतण्यापेक्षा बरे म्हणून वाहतूकदार पडेल दराने माल उचलीत. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या हजारो जुन्या लॉऱ्या विकल्या गेल्या होत्या. सुटून आलेल्या सैनिकांनी हाती पडलेल्या रकमेतून त्या घेतल्या आणि भाड्यांची घसरण सुरू झाली. रेल्वे कंपन्यांनी ओरड केली. त्यांना येईल तो माल जाहीर दराने न्यावा लागे. लॉरीवाला मात्र मलई उचलून निघून जाई. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, पण आपली मक्तेदारी त्या विसरत होत्या.

१९३३ च्या कायद्याने परवान्यांचे तीन वर्ग केले. ‘ए’ हा पब्लिक कॅरियरचा, म्हणजे भाड्याने दुसऱ्यांचा माल नेणाऱ्याचा, ‘बी’ मर्यादित, आणि ‘सी’ हा प्रायव्हेट कॅरियरचा, स्वतःचाच माल नेणाऱ्या व्यापाऱ्याचा. ‘सी’ सहज मिळे. ‘ए’ साठी वाहतूक न्यायालयापुढे उभे राहून नव्या लॉरीची गरज सिद्ध करावी लागे, गिऱ्हाइकांना साक्षीला आणावे लागे, आणि समोर रेल्वेचा वकील आक्षेप घ्यायला उभा असे. परिणाम व्हायचा तोच झाला. परवाना असलेली जुनी लॉरी तिच्या लोखंडापेक्षा कितीतरी अधिक किमतीला विकली जाऊ लागली. भारतात १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला तेव्हा पब्लिक कॅरियर आणि प्रायव्हेट कॅरियर हेच शब्द त्यात आले, आणि महाराष्ट्रातल्या ट्रकांच्या कपाळावर ‘पब्लिक कॅरियर’ ही अक्षरे पुढची अनेक दशके रंगविली जात राहिली.

१९४८ मध्ये लांब पल्ल्याची वाहतूक सरकारने ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’ या नावाखाली शेकडो कौटुंबिक पेढ्यांच्या गाड्या एका रंगात रंगल्या. खासगी वाहतूकदाराला आपल्या ठाण्यापासून २५ मैलांचे रिंगण राहिले. मोबदला बहुतांशी सरकारी रोख्यांत मिळाला. बापाने एका लॉरीवर उभी केलेली पेढी ३ टक्के व्याजाच्या कागदात बदलताना मुलांना काय वाटले असेल, याची कल्पना व्यापारी घरांना करता येईल. ‘सी’ परवान्याला हात लावला नव्हता, म्हणून गिरणीवाले आणि घाऊक व्यापारी स्वतःच्याच लॉऱ्या घेऊ लागले व त्यांची संख्या झपाट्याने वाढली. सरकार बदलल्यावर १९५३ मध्ये गाड्या परवान्यांसह विकायला काढल्या गेल्या आणि कित्येक जुन्या मालकांनी आपलाच धंदा पुन्हा विकत घेतला. संख्येवर बंधन घालणारे परवाने गेले ते १९६८ च्या कायद्याने.

एडविन रिचर्ड फोडन १९५० मध्ये वारले. डेनिस १९६० पर्यंत होते. त्यानंतर धाकटे बंधू पीटर यांनी ई.आर.एफ. सांभाळली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या व्होल्व्हो आणि स्कॅनिया गाड्या इंग्लंडात आल्या. त्यांच्या केबिनमध्ये ऊब होती आणि गाडी मागितल्यावर लवकर मिळत होती. गार्डनरच्या इंजिनासाठी मात्र थांबावे लागे. ज्या चालकांनी गोणपाट पायांना बांधून वर्षे काढली होती, त्यांनीच आपल्या मालकांकडे परदेशी गाडीचा आग्रह धरला. फोडन्स १९८० मध्ये कर्ज देणाऱ्यांच्या हाती गेली आणि अमेरिकेच्या पॅकारने ती घेतली; ई.आर.एफ. आधी कॅनडाच्या आणि २००० मध्ये जर्मनीच्या मान कंपनीकडे गेली. २००६ आणि २००७ मध्ये, एका वर्षाच्या अंतराने, दोन्ही नावे नव्या गाड्यांवरून पुसली गेली.

जुन्या गाड्या मात्र आहेत. १९६२ पासून ऐतिहासिक मालगाड्यांची लंडन ते ब्रायटन अशी फेरी निघते, आणि सँडबॅचच्या वाहन महोत्सवात दोन्ही भावांच्या लॉऱ्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. त्यांचे मालक बहुतेक निवृत्त चालक किंवा वाहतूकदारांची मुले असतात. हौद्यावर खोटीच पोती रचून, ताडपत्री पसरून, ते दोर आवळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना डॉलीची गाठ घालून दाखवतात.