सात नंबरची काठी

आमच्या घरी दाराच्या मागे, जिथे इतरांकडे छत्र्या उभ्या असतात, तिथे गोल्फच्या तीन काठ्या आहेत. पहिली म्हणजे बांधकामावरची लोखंडी सळई. तिचे एक टोक भट्टीत तापवून वाकवलेले व ठोकून चपटे केलेले, तर दुसऱ्या टोकाला सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळलेले. दुसरी एका नामांकित परदेशी कंपनीची आहे. माझे बाबा ज्यांची बॅग वाहत, त्या गृहस्थांनी नवा संच घेतल्यावर जुन्यातली ही सात नंबरची काठी बाबांना देऊन टाकली. तिलाही आता वीस वर्षे झाली. तिसरी गेल्या दिवाळीनंतर कुरिअरने आली. दुकान नाही, दलाल नाही. कारखानदाराकडून थेट गिऱ्हाइकाच्या दारात. किंमत अडीच हजारांच्या आत. तिच्यावरही आकडा सातच.

कला शाखेच्या वार्षिकात गोल्फच्या काठ्यांचे काय काम, असे काही प्राध्यापकांना वाटेल. मैत्रिणींना तर खात्रीच वाटेल की हिने विषय चुकून दुसऱ्याच कुठल्या महाविद्यालयाचा घेतला. पण आपण चेंबूरला राहतो. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब येथे १९२७ पासून आहे. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबांच्याही आधीपासून. त्या हिरवळीच्या आसपासच्या वस्त्यांतून बॅगा वाहणारे कॅडी तयार झाले, आणि कॅडींच्या गल्ल्यांतून एक वेगळाच गोल्फ तयार झाला. सळईची काठी, प्लास्टिकचा चेंडू, दोन घरांमधली बोळ हेच मैदान, आणि भोकाच्या जागी एखादा डबा. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुडझोवाती यांनी मुंबईच्या झोपडवस्तीतला हा खेळ टिपला. परदेशी वार्ताहरही येऊन गेले. सळईचे कौतुक जगभर झाले. सळई मात्र सळईच राहिली.

या खेळाच्या भाषेत एक गंमत आहे. इंग्रजीत काठीलाही क्लब म्हणतात आणि संस्थेलाही क्लबच. एक क्लब हातात असला म्हणून दुसऱ्या क्लबात प्रवेश मिळतो असे मात्र नाही. म्हणून घोटाळा टाळण्यासाठी मी या लेखात काठीला काठीच म्हणते.

आता या परीक्षणाचा प्रपंच कशासाठी, ते सांगते. आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. वय १९. सकाळी बॅगा वाहतो, संध्याकाळी एका दुकानात काम करतो. त्याचा हात इतका सुरेख आहे की गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकादेखील कपडे वाळत घालता घालता त्याचा फटका पाहायला थांबतात. त्याला स्पर्धांत उतरायचे आहे. गेल्या वर्षी त्याने ठरवले की नामांकित कंपनीचा नवा संच घ्यायचा. किंमत लाखाच्या घरात. पतपेढीचे कर्ज काढायचे आणि जामीन म्हणून माझ्या बाबांनी सही करायची. बाबांचे गुडघे गेल्यापासून आमचे घर आईच्या शिवणकामावर चालते. बाबा नाही म्हणू शकत नव्हते आणि हो म्हणायला हात धजत नव्हता. तेव्हा मीच म्हटले, “बाबा, सही करण्याआधी आपण तपासून तरी पाहू. लाखाच्या काठीत असे काय आहे जे अडीच हजारांच्या काठीत नाही?”

आमची प्रयोगशाळा साधी होती. कंपासपेटीतला कोनमापक, आईचा मोजपट्टीचा फीत, कोपऱ्यावरच्या वाण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि चिकटपट्टी. एका रविवारी आम्ही तिघे हार्बर लोकलने सरावाच्या मैदानावर गेलो. डब्यातल्या एका आजीने काठ्यांकडे पाहून विचारले, “पडदे लावायचेत का गं?” प्रत्येक काठीने त्या मुलाने २० आणि मी २० चेंडू मारले. बाबांनी पावलांनी अंतरे मोजली आणि मी वहीत उतरवली.

आधी त्या मुलाचे निकाल. जुन्या नामांकित काठीने त्याचा चेंडू सरासरी १३८ पावले गेला, नव्या स्वस्त काठीने १४३. तो आनंदाने उडालाच. नव्या काठीच्या जाहिरातीतही हेच लिहिले होते, की आमची सात नंबरची काठी इतरांपेक्षा लांब मारते. पण घरी येऊन मी कोनमापक लावला. जुन्या काठीचे पाते सुमारे ३४ अंश मागे झुकलेले, नवीचे ३०. गोल्फमध्ये एका नंबराचा फरक साधारण चार अंशांचा असतो. पाते जितके उभे, तितका चेंडू खालून आणि लांब जातो. म्हणजे आमची नवी ‘सात’ ही खरे तर जुन्या हिशेबातली ‘सहा’ होती. अंतर वाढले नव्हते, आकडा बदलला होता. हा प्रकार केवळ स्वस्त काठ्यांत चालतो असेही नाही. मोठमोठ्या कंपन्यांनीही गेल्या काही दशकांत आपल्या काठ्यांची पाती अशीच उभी करत आणली आहेत. नापासाला पास करायचे तर अभ्यास वाढवावा लागतो किंवा उत्तीर्णांची मर्यादा खाली आणावी लागते. दुसरा मार्ग सोपा असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता माझे निकाल. ते सांगताना थोडी लाज वाटते. जुन्या काठीने २० पैकी ९ चेंडू जमिनीवरूनच सरपटत गेले. नव्या काठीने ६. उरलेल्या चेंडूंचे अंतर जुन्या काठीने ६१ पावले आणि नव्या काठीने ७४. यात कोनाचा वाटा आहे, पण सगळा नाही. नव्या काठीच्या पात्याची पाठ पोकळ आहे, आणि वजन कडांकडे वाटलेले आहे. त्यामुळे फटका पात्याच्या मधोमध न बसता थोडा इकडेतिकडे बसला तरी पाते हातात कमी पिळवटते आणि चेंडूचा वेग कमी घटतो. जुनी काठी सपाट पाठीची. ती चूक माफ करत नाही. त्या मुलाच्या हातात मात्र तीच अधिक इमानी निघाली. त्याचे चेंडू जुन्या काठीने साधारण २० पावलांच्या रुंदीत पडले, नवीने २४. अर्थात एका दिवसाच्या मोजणीवर मी सिद्धान्त उभारणार नाही. पण सही करायची की नाही एवढे ठरवायला ती पुरेशी होती.

सळईनेही खरा चेंडू मारून पाहिला. पाचव्या फटक्याला बाबांनी थांबवले. ताठ लोखंडाचा धक्का मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या आणतो आणि चेंडू कसाबसा ५० पावले जातो. प्लास्टिकच्या चेंडूसाठी ती ठीक आहे. नियमातला चेंडू म्हणजे व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. तो सळईला दाद देत नाही.

स्वस्त काठीचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर मीही जाहिरातच लिहिली असे होईल. थेट विकणारा कारखानदार दुकानाचा नफा आणि प्रसिद्ध खेळाडूंचे मानधन वाचवतो, म्हणून माल स्वस्त पडतो हे खरे. पण दुकानदार एक काम करत असे: गिऱ्हाइकाची उंची आणि उभे राहण्याची ढब पाहून काठी निवडून देई. ते काम आता आपल्या गळ्यात आले आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. काठी आली ती सर्वसाधारण पुरुषाच्या मापाची. पात्याच्या तळाला चिकटपट्टी लावून फटके मारले, तर खरचटल्याच्या खुणा सगळ्या दांड्याकडच्या बाजूला उमटल्या. म्हणजे माझ्या हातात पात्याचे टोक वर उचलले जात होते. परत पाठवायची तर कुरिअरचा खर्च माझा. शेवटी बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी ती दीड इंच खाली धरते. दुसरा दोष संच घेताना कळतो. सगळ्या काठ्यांची पाती उभी केली की त्यांतली सर्वांत आखूड काठी आणि वाळूतून चेंडू काढायची काठी यांच्यात मोठी पोकळी पडते. ती भरायला आणखी एक काठी विकत घ्यावी लागते. ‘स्वस्त संचा’ची किंमत वाचताना ही काठी हिशेबात धरावी.

अर्थशास्त्राच्या वर्गात आपण मक्तेदारी शिकतो. तिचे एक चांगले उदाहरण याच खेळात आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या कॉस्टको या घाऊक दुकानाने स्वतःच्या नावाचा चार थरांचा गोल्फ चेंडू विकायला काढला. दोन डझनांना ३० डॉलरच्या आत. नामांकित चेंडूंच्या तुलनेत हा भाव इतका कमी होता, आणि चेंडू इतका चांगला निघाला, की माल बघता बघता संपला. पुढे प्रकरण कोर्टापर्यंत गेले आणि मिटले. पण एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली: किमतीत चेंडू किती आणि नाव किती, हे मोजून पाहता येते.

इथे माझे मत दोन्ही बाजूंच्या लोकांना आवडणार नाही. एक बाजू म्हणते, खेळायचे तर उत्तम साधन हवे. ते चूक आहे, हे माझ्या वहीतले आकडे सांगतात. दुसरी बाजू म्हणते, प्रतिभेला साधन लागत नाही, सळईनेही खेळाडू घडतो. हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि ते म्हणणाऱ्याच्या घरी बहुधा पुरा संच असतो. स्पेनच्या सेव्ह बॅलेस्टेरोसचे उदाहरण नेहमी देतात. लहानपणी त्याच्याजवळ तीन नंबरची एकच काठी होती आणि तो समुद्रकिनाऱ्यावर तिनेच खेळला. खरे आहे. पण १९७९ साली ब्रिटिश ओपन जिंकताना त्याच्या बॅगेत पुरा संच होता. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ आणि १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकली. बंगलोरच्या सी. मुनियप्पा यांनी २००९ मध्ये जिंकली. कलकत्त्यात मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया याने २०१६ व २०१७ अशी लागोपाठ जिंकली. ही माणसे गरिबीमुळे जिंकली नाहीत. गरिबी असूनही त्यांना मैदान आणि धडकी काठी मिळाली, म्हणून जिंकली. सळईचे फोटो काढणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

म्हणून परवडणाऱ्या काठीला मी ‘गरिबांची काठी’ म्हणत नाही. ती प्रामाणिक असेल, कोन, लांबी आणि वजन खरे छापत असेल, तर ती शिकणाऱ्याची काठी आहे, मग शिकणारा कोणत्याही घरचा असो. नवशिक्याला १४ काठ्यांची गरजही नाही. १४ ही नियमाने घातलेली कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे. सात काठ्यांचा अर्धा संच पुष्कळ झाला.

बाबांनी सही केली नाही. तो मुलगा आठ दिवस आमच्या दारावरून मान खाली घालून जात होता. नवव्या दिवशी येऊन म्हणाला, “ताई, तुझा तो कोनमापक दे.” त्याने साठवलेल्या पैशांत थेट विक्रीचा अर्धा संच मागवला होता आणि आकडे तपासल्याखेरीज तो एकही काठी ठेवून घेणार नव्हता. त्यातली एक त्याने परत पाठवली. बाबांनी आपली जुनी सात नंबरची काठी त्याला दिली. म्हणाले, “ही तुझ्या हातची आहे, माझ्या दाराआड उगीच गंजते.” कर्जाच्या हप्त्यात जे गेले असते ते आता चेंडूंत आणि सरावाच्या भाड्यात जाते.

तेव्हा दाराच्या मागे आता दोनच काठ्या उरल्या आहेत; लेखाच्या सुरुवातीला तीन लिहिल्या, ते सवयीने. आपल्या जिमखान्याला माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात सात काठ्यांचा एक अर्धा संच आणि चार डझन प्लास्टिकचे चेंडू धरावेत. कॅरमबोर्ड जसा सगळ्यांचा असतो तसा तो संच सगळ्यांचा असावा. मैदान नसले तरी गच्चीवर जाळी बांधता येते. सोबत एक वही ठेवावी. जो कोणी काठी उचलेल त्याने कोन, अंतर आणि चूक तीत लिहावी. माझ्या वहीची पहिली ११ पाने मी देईन. कोनमापक मात्र ज्याचा त्याने आणावा. माझा अजून परत आलेला नाही.