सरासरी नावाची थाप

"औषधाला पेशींनी ५० टक्के प्रतिसाद दिला." असं वाक्य वाचलं की माझं डोकंच सटकतं. म्हणजे नक्की काय? प्रत्येक पेशीने अर्धा प्रतिसाद दिला, की निम्म्यांनी पूर्ण दिला आणि बाकीच्या ढिम्म? सगळ्या पेशी एकत्र भरडून मोजल्या तर दोन्हीचं उत्तर एकच येतं!

१९९८ साली स्टॅनफर्डच्या जेम्स फेरेल यांनी आफ्रिकन बेडकाच्या अंडपेशी एकेक करून तपासल्या. प्रोजेस्टेरॉन वाढवत नेलं तसा एकत्रित आलेख हळूहळू चढला. पण एकेकट्या अंडपेशीत मॅप कायनेज हे एन्झाइम एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. अधलंमधलं जवळपास काहीच नाही. म्हणजे आलेखातली ती 'मधली' पेशी अस्तित्वातच नव्हती.

एकेक पेशी मोजणं महाग आणि वेळखाऊ, मान्य. पण कॅन्सरच्या औषधातून वाचलेल्या मूठभर पेशीच पुढे गाठ परत वाढवू शकतात, आणि सरासरीत नेमक्या त्याच दिसत नाहीत. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम दाखवणाऱ्याला आपण लगेच विचारतो, "सर्वात हळू एक टक्का कुठाय?" मग इथेच गप्प का बसायचं?